पुण्याचा पूर्व उतार: हडपसरच्या आरोग्याचा सव्वाशे वर्षांचा मागोवा

पुणे शहराचा उतार पूर्वेकडे आहे. संगमावर एक झालेली मुळा-मुठा मुंढवा, मांजरीच्या बाजूने वाहत पुढे भीमेला मिळते, आणि पावसाळ्याचे चार महिने वाराही पश्चिमेकडूनच येतो. शहराला जे आपल्याजवळ नको होते ते बहुतेक याच दिशेला गेले. आधी साथीचे रोगी, मग मैलापाणी, मग भट्ट्या आणि शेवटी कचरा. सोलापूर रस्त्यावरचे हडपसर या वाटेवर पडते. विकसनशील देशांतल्या शहरांपुढचे पर्यावरणीय आणि व्यावसायिक आरोग्याचे जवळजवळ सगळे प्रश्न इथे सव्वाशे वर्षांत एकावर एक साचत गेले. जुना सुटला म्हणून नवा आला, असे मात्र क्वचितच घडले.

या इतिहासाचे पहिले पान प्लेगचे आहे. १८९६ मध्ये मुंबईत दिसलेली साथ पुढच्या काही महिन्यांत पुण्यात पसरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या आणि प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांचा कारभार यांवर इतके लिहिले गेले आहे की ते इथे पुन्हा सांगायला नको. त्या मानाने शहराबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात चाललेले काम उपेक्षित राहिले. तिथे सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाड कुटुंबातला एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन ससाणे मळ्यात आल्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्रकार या मृत्यूकडे त्याग म्हणून पाहतात, आणि तो त्याग होताच. पण आरोग्यशास्त्राच्या अंगाने पाहिले तर शुश्रूषेचे काम करताना लागलेला हा संसर्ग, म्हणजे व्यवसायजन्य आजार, ठरतो. थेट २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या वेळी महाराष्ट्रात लागू झाला तोही १८९७ चाच कायदा. रोग्याला कसे वेगळे ठेवायचे याची तरतूद त्यात होती. त्याची सेवा करणाऱ्याच्या संरक्षणासाठी २०२० मध्येच दुरुस्ती करावी लागली.

दुसरा अध्याय पाण्याचा. खडकवासल्याहून निघालेल्या मुठा उजव्या कालव्याने हडपसर आणि मांजरीचा कोरडवाहू पट्टा बागायती केला. विसाव्या शतकात शहरात भुयारी गटारे झाली, तेव्हा त्यांतले मैलापाणीही पूर्वेकडच्या उसाला आणि भाजीपाल्याला मिळू लागले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे पाणी म्हणजे फुकटचे खत होते. धोका होता तो अनवाणी पाणी धरणाऱ्या मजुराला. हुकवर्मची अळी तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरते, रक्त शोषते, आणि मजूर महिनोन्‌महिने फिकट, थकलेला राहतो. जंतांची अंडी भाजीवरून बाजारात जातात ते वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सांडपाण्यावरच्या शेतीसाठी मर्यादा ठरवली, ती लिटरमागे जंताचे जास्तीत जास्त एक अंडे अशी. प्रश्न आजही संपलेला नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शुद्ध केलेले सांडपाणी बेबी कालव्यातून हवेली आणि दौंडच्या शेतीला सोडले जाते. धरणाच्या पाण्यावरचा भार हलका करण्याची ही कल्पना योग्यच आहे. मात्र तिचे सारे यश शुद्धीकरण केंद्र रोज नीट चालण्यावर टांगलेले आहे, आणि पाण्याच्या प्रतीबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

स्वातंत्र्यानंतर कारखाने आले. १९५८ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक हडपसरला उभी राहिली, साठच्या दशकात मुंढव्यात भारत फोर्ज आली, आणि हडपसर औद्योगिक वसाहत, रामटेकडी इथे लहान गाळ्यांच्या रांगा वाढल्या. मोठ्या कारखान्यात कायद्याने डॉक्टर असतो, हजेरीपट असतो, संघटना असते. लहान गाळ्यात यांपैकी काहीच नसते, आणि शरीराची झीज तिथेच जास्त होते. तापलेल्या लोखंडावर घण पडतो तिथला आवाज अनेक वर्षे ऐकला की आधी उंच पट्टीचे स्वर जातात. कामगाराला वाटते समोरचा पुटपुटतोय. ग्राइंडिंग आणि वाळूच्या माऱ्याने होणाऱ्या सफाईत उडणारी बारीक सिलिका फुफ्फुसात कायमची बसते. क्रोम प्लेटिंगच्या टाक्यांवरची वाफ नाकाच्या पडद्याला भोक पाडते. सिलिकोसिस, बहिरेपण, शिशाची विषबाधा आणि क्रोमचे व्रण हे चारही आजार १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. त्या यादीत एकूण २९ आजार होते आणि त्यांपैकी एखादा आढळल्यास कलम ८९ नुसार डॉक्टरने कळवणे बंधनकारक होते. व्यवहारात गाळ्यातला कामगार खोकला घेऊन नाक्यावरच्या दवाखान्यात जातो, टीबीच्या किंवा दम्याच्या गोळ्या घेतो, आणि काम झेपेनासे झाले की गावी परततो. त्याचा आजार कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. यामुळेच अशा भागांतले व्यवसायजन्य आजारांचे सरकारी आकडे वाचून समाधान मानणे भाबडेपणाचे ठरते.

१९६६ मध्ये हडपसरलाच सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिची कथा प्लेगच्या साथीपर्यंत मागे जाते. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था पुढे घोड्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचे प्रतिविष तयार करू लागली, आणि पूनावाला यांच्या फार्मवरचे निवृत्त घोडे तिकडे जात. हे सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी कंपनी काढली. डोसांच्या संख्येने ती जगातली सर्वांत मोठी लसउत्पादक ठरली, आणि २०२१ मध्ये कोविशील्डच्या कुप्या इथूनच देशभर रवाना झाल्या. जगातल्या कोट्यवधी मुलांचे आरोग्य ज्या परिसरात तयार होते, त्याच परिसरात काही किलोमीटरवर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारी गावे होती.

ती गावे म्हणजे उरुळी देवाची आणि फुरसुंगी. १९८० च्या दशकात पुणे महापालिकेने इथे कचरा टाकायला सुरुवात केली. पुढे कोथरूडचा डेपो बंद झाला आणि सगळा भार इकडे आला. डेपोची एकूण जमीन १६३ एकर. ओला, सुका, दवाखान्यातला, सगळा कचरा एकत्रच येई आणि उघड्यावर ओतला जाई. असे ढीग रचले की आतल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो कुजून मिथेन तयार होतो, आणि उन्हाळ्यात ढीग आतूनच धुमसू लागतो. वरून पाणी मारून ही आग विझत नाही. प्लास्टिक अर्धवट जळाल्याचा धूर दिवसेंदिवस गावावर रेंगाळतो. जमिनीखालचा प्रकार त्याहून चिवट आहे. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या भेगांतून वाहते. वाळूच्या थरात पाणी थोडेफार गाळले तरी जाते, भेगांत ते तसेच पुढे सरकते. एक विहीर बिघडते आणि शेजारची चांगली राहते, त्यामुळे वाद घालायलाही जागा उरते. शेवटी गावांतल्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही आणि महापालिकेला टँकर पाठवावे लागले. माश्या, वास आणि मोकाट कुत्री यांमुळे या गावांत मुली द्यायला लोक कचरतात, हे तर ग्रामस्थ प्रत्येक आंदोलनात सांगत आले.

आंदोलने वारंवार झाली. घनकचऱ्याचे नियम २००० मध्ये आले आणि उघड्यावर कचरा टाकणे नियमबाह्य ठरले. तरी ढीग वाढतच राहिला. दररोज १,००० टन क्षमतेचा प्रक्रिया प्रकल्प उभारला गेला, तो पूर्ण क्षमतेने चालला नाही. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. जुन्या ढिगाचा काही भाग मातीने झाकण्यात आला, पुढे बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा उपसून वेगळा करणे, सुरू झाले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली आणि ग्रामस्थांनी सुमारे तीन आठवडे एकही गाडी आत जाऊ दिली नाही. पुण्याच्या पेठांत कचऱ्याचे ढीग साचले, तेव्हा कुठे शहराला आपल्या कचऱ्याचा पत्ता कळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही दोन्ही गावे महापालिकेत आली, पुढे ती वगळण्याचा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. दरम्यान प्रक्रिया प्रकल्पांचा भार हडपसरच्याच रामटेकडीकडे सरकला, आणि विरोधाचे फलक तिथे लागले. कचऱ्याची जागा बदलली, दिशा बदलली नाही.

कचऱ्याला रोज हात लावून जगणाऱ्यांच्या बाबतीत मात्र पुण्याने देशाला काही शिकवले. १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायांना ओळखपत्रे मिळाली, आणि २००२-०३ पासून महापालिका त्यांच्या गट आरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली. स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. डेपोवर ढीग उपसणे आणि सोसायटीच्या दारात सुका कचरा वेगळा घेणे, या दोन कामांत सुया टोचण्याचा, काच लागण्याचा, धूर छातीत जाण्याचा धोका कितीतरी वेगळा आहे. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही वेचकांचीच मागणी. हातमोज्यांपेक्षा ती जास्त उपयोगाची, कारण ती धोका कामगारापर्यंत येऊच देत नाही.

२००० नंतर मगर कुटुंब आणि इतर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी वसवली, पाठोपाठ अमनोरा आणि फुरसुंगीचे आयटी पार्क आले. उसाच्या पट्ट्यात काचेच्या इमारती आल्या आणि आजारांची तऱ्हाही बदलली. मानदुखी, रात्रपाळी, तुटलेली झोप, लांबलेले तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अहवालानुसार २०१६ या एका वर्षात कामाशी निगडित कारणांनी जगात सुमारे १९ लाख मृत्यू झाले. त्यांतले सर्वाधिक, सुमारे साडेसात लाख, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम केल्यामुळे हृदयविकार आणि पक्षाघाताने झाले. कामावरच्या धूळ, धूर आणि वायूंनी साडेचार लाख मृत्यू घडवले. तास मोजायचे म्हटले तर त्यांत आयटीवाल्याबरोबर सुरक्षारक्षक आणि रिक्षाचालकही येतात, आणि त्यांचे दिवस बहुधा अधिकच लांब असतात.

रिक्षाचालक, वाहतूक पोलीस आणि हडपसरच्या गाडीतळावरचा फळवाला यांचे कामाचे ठिकाण रस्ता. सोलापूर रस्त्यावर २००६ मध्ये देशातला अगदी सुरुवातीचा बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव, मार्ग आला, पुढे उड्डाणपूल झाले, गर्दी हटली नाही. पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या सफर यंत्रणेने २०१३ पासून शहराच्या हवेचे मापन सुरू केले आणि हडपसर हे त्यातले एक केंद्र आहे.

आगीच्या दोन घटना या मागोव्यात टाळता येत नाहीत. ९ मे २०१९ रोजी पहाटे उरुळी देवाचीत कापडाच्या एका दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार मरण पावले, दाराला बाहेरून कुलूप होते. २१ जानेवारी २०२१ रोजी सीरमच्या मांजरी येथील आवारात, काम सुरू असलेल्या इमारतीत आग लागून आणखी पाच कामगार गेले. लसउत्पादनाला धक्का लागला का, ही त्या दिवशीची जगभरची पहिली चौकशी होती. पुण्याभोवती बांधकाम, दुकाने आणि गोदामे यांतला बराचसा मजूर ठेकेदाराचा असतो, परगावचा असतो आणि कामाच्या जागीच झोपतो. त्याच्यापुरते व्यावसायिक आणि घरगुती धोक्यात अंतरच उरत नाही.

कारखाना कायद्याची चौकटही आता बदलली आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संमत होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ठरावीक कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी ही तिची जमेची बाजू. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर गेली. दहा कामगारांच्या आस्थापनेला संहितेची सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतात, तरी बारा-पंधरा माणसांचा गाळा आता कारखाना नव्हे. ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे तोच व्याख्येबाहेर जाणे, हा या संहितेतला उघड दोष आहे.

रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० मध्येच लिहून ठेवले. हडपसरच्या दवाखान्यांत या प्रश्नाला एक जोड हवी, ती पत्त्याची. रोगी काय काम करतो, किती वर्षे, आणि डेपोपासून, भट्टीपासून, नाल्यापासून किती अंतरावर राहतो, एवढे केसपेपरवर उतरले तर मोठे सर्वेक्षण होण्याची वाट पाहावी लागणार नाही. हे काम परिसरातल्या डॉक्टरांनी उद्यापासून सुरू करावे, आणि महापालिका व नगरपरिषद यांच्या आरोग्य विभागांनी ते कागद दर महिन्याला एकत्र करावेत.