पत्र्याखालचा हिवाळा

विदर्भाच्या उन्हाळ्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. हिवाळ्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे कोरडे वारे सुटले, की यवतमाळ जिल्ह्यात रात्रीचे तापमान काही वेळा १० अंशांखाली उतरते. हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्यास हा आकडा किरकोळ वाटेल; परंतु तेथील घर थंडीच्या विचाराने बांधलेले असते. येथे घर बांधताना पावसाचा विचार होतो, फार तर उन्हाचा, आणि अलीकडे उन्हाचाही होत नाही.

झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा या भागांतील कोलामांच्या पोडांवरची जुनी घरे कुडाची. कुडावर माती-शेणाचा लेप आणि वर गवत किंवा कवेलू. शेतकऱ्याच्या घराला मातीची रुंद भिंत आणि वर माळा. मातीची भिंत दिवसाचे ऊन पोटात साठवी आणि रात्री सावकाश परत करी; गवतात व माळ्यात कोंडलेली हवा ती ऊब बाहेर जाऊ देत नसे. या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती गळत, त्यांत विंचू-साप निघत आणि एका ठिणगीने सारे भस्मसात होई. पक्के घर हवे, ही मागणी रास्तच होती.

प्रश्न पक्केपणाच्या अर्थाचा आहे. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ च्या जनमन योजनेत ते २ लाख झाले. एवढ्यात विटेची भिंत उभी राहते, पण ज्याला स्लॅब झेपत नाही तो पत्र्यावर भागवतो. पत्र्याला ऊब धरून ठेवण्याची शक्ती जवळजवळ नाही. निरभ्र रात्री तो आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतो आणि कित्येकदा बाहेरच्या हवेहूनही थंड होतो. निजलेल्यांच्या श्वासातील ओलावा त्याच्या खालच्या अंगाला थेंबांनी जमून पहाटे अंथरुणावर ठिबकतो. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले यांच्या छातीला ते थेंब बाधतात.

मग उपाय एकच उरतो, जाळ. उलंगवाडी झाली की पऱ्हाट्या उपटून घरामागे रचायच्या आणि वर्षभर जाळायच्या, ही या जिल्ह्याची जुनी रीत. गॅस आला तरी ती सुटली नाही, कारण सिलिंडर भाकरी भाजतो, घर तापवीत नाही. परंतु २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला, तेव्हापासून कृषी विभाग सांगत आला आहे, की पऱ्हाट्यांचे ढीग शेताजवळ ठेवू नका. त्यांतील किडक्या बोंडांत अळी दडून बसते. सल्ला बिनचूक आहे. मात्र त्या ढिगाऐवजी सरपण कोणते, हे सांगितले जात नाही. वणीच्या खाणींतला कोळसा वीजकेंद्रांकडे जातो. आणि तो मिळाला तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला निमंत्रण. त्या वायूला वास नाही, म्हणून झोपलेल्यास जागही येत नाही.

अंथरूण-पांघरुणाची गोष्ट तर चमत्कारिक आहे. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते; म्हणजे तीन किलोच्या रजईला नऊ-दहा किलो कापूस पुरे. पण तो जिनिंगकडे जातो, कारण दुकानदाराची उधारी रजईची वाट पाहत नाही. शेवटच्या वेचणीचा कवडी कापूस तरी घरी ठेवावा. त्याला भाव जवळपास नसतोच. पिंजाऱ्याकडून भरून घेतला तर एका कुटुंबाची थंडी निघते.

खरा उपाय मात्र छताखाली आहे. बुरुडाकडचे बांबूचे तट्टे पत्र्याखाली हात-दीड हात अंतर सोडून आढ्याला बांधावेत आणि त्यांना माती-शेणाने लिंपावे. मधली कोंडलेली हवा हिवाळ्यात ऊब राखते आणि मे महिन्यात झळ अडवते. चुलीवरचा भाग तेवढा मोकळा सोडावा. वाऱ्याकडच्या फटी चिखलाने बुजवाव्यात, दाराला दुहेरी बारदान लावावे. शेजारच्या वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने भाजलेल्या मातीच्या शंकूंची कमानदार छते करून दाखविली आहेत. म्हणजे पत्र्याला पर्याय नाही असे नव्हे. तो घरकुलाच्या आराखड्यात आणणे हे शासनाचे काम.

तोवर घरकुलाच्या अखेरच्या हप्त्याबरोबर तट्ट्यांपुरती रक्कम जोडता येईल. ग्रामपंचायतीने ते एकत्र विकत घेतले तर बुरुडालाही चार महिन्यांचे काम मिळेल. वेळ मात्र साधावी लागेल. ओले लिंपण वाळायला आठ-दहा दिवस उन्हाचे लागतात, आणि सीतादही होऊन वेचणी सुरू झाली की घरातला एकही हात मोकळा नसतो. पाऊस उघडल्यापासून वेचणीपर्यंतचे थोडे दिवस, एवढीच या कामाची मुदत.