गुणिले १.२१

मुठीएवढी दोन मूत्रपिंडं दिवसाला किती द्रव गाळत असतील? सुमारे १८० लिटर! जवळजवळ एक मोठं पिंप, तेही रोज, अगदी तुम्ही झोपलेले असतानासुद्धा.

पण हे गाळणं मंदावलंय का, हे बाहेरून कळायचं कसं? इथे डॉक्टर एक देखणी युक्ती वापरतात. स्नायूंमधून क्रिएटिनिन नावाचा कचरा साधारण एकाच गतीनं रक्तात येत राहतो आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकत राहतात. नळ एका धारेनं चालू आहे आणि मोरीचं तोंड तुंबत चाललंय, असं समजा. साचलेलं पाणी पाहिलं की तोंड किती तुंबलंय ते कळतं. पाणी म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन. तेवढं मोजलं की झालं!

मात्र नळाची धार माणसागणिक वेगळी. पैलवानाचे स्नायू जास्त, म्हणून क्रिएटिनिनही जास्त. त्यामुळे क्रिएटिनिनवरून गाळण्याचा वेग काढायच्या सूत्रात वय येतं, स्त्री की पुरुष हे येतं. अमेरिकेत १९९९ मध्ये मांडलेल्या सूत्रात आणखी एक प्रश्न आला : रुग्ण कृष्णवर्णीय आहे का? असेल तर उत्तर वाढवायचं. सर्रास वापरल्या गेलेल्या रूपात ते गुणिले १.२१ असं होतं. अभ्यासातल्या कृष्णवर्णीयांचं क्रिएटिनिन, गाळणं तेवढंच असूनही, सरासरीनं थोडं जास्त दिसलं होतं. त्यांचे स्नायूच जास्त असतात, असं त्याचं कारण दिलं गेलं. पण समोर बसलेल्या माणसाचे स्नायू किती, हे सूत्र विचारतच नव्हतं. ते विचारत होतं वर्ण.

आता हा एक गुणाकार काय करतो पाहा. दोन पुरुष, एक गोरा, एक कृष्णवर्णीय; वय तेच, क्रिएटिनिन तेच. पहिल्याचं उत्तर १७, दुसऱ्याचं २०.६. डायलिसिस सुरू झालं नसेल, तर मूत्रपिंड मिळण्यासाठीची प्रतीक्षा अमेरिकेत मोजली जाते ती हे उत्तर २० किंवा त्याखाली आल्यावर. पहिल्याचं घड्याळ चालू झालं. दुसऱ्याचं मूत्रपिंड तेवढंच थकलेलं, आणि घड्याळ बंद!

वैद्यकीय महाविद्यालयांत हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. आणि मग वर्गातल्या मुलामुलींनीच ‘का?’ विचारायला सुरुवात केली. आई गोरी आणि वडील कृष्णवर्णीय असतील, तर गुणायचं की नाही? सूत्राकडे याचं उत्तर नव्हतं. विद्यार्थी मागे लागले, म्हणून २०१७ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस रुग्णालयानं आणि २०२० मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी हा गुणाकार काढून टाकला. अजून डॉक्टरही न झालेली ही मुलं! मला या साऱ्या हकिगतीत सगळ्यांत मोठं नवल त्यांचंच वाटतं.

२०२१ मध्ये देशभरासाठी वर्ण न विचारणारं सूत्र आलं. शिवाय शरीरात एक दुसरा साक्षीदार आधीपासून होताच, सिस्टॅटिन-सी. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतून तो रक्तात येतो, त्यामुळे स्नायू कमी की जास्त याचा त्याला फारसा फरक पडत नाही. त्याचीही तपासणी वाढवा, असं तज्ज्ञांनी सांगितलं.

आणि बंद राहिलेली घड्याळं? जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतल्या प्रत्यारोपण केंद्रांना जुन्या नोंदी उघडाव्या लागल्या. गुणाकार नसता तर हा रुग्ण यादीत कधी आला असता, हे शोधून प्रतीक्षा तिथपासून धरायची होती. मार्च २०२४ पर्यंत चौदा हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांच्या खात्यात हरवलेला काळ जमा झाला, सरासरी दोन वर्षं. काही जणांचा क्रमांक एवढा वर सरकला, की त्यांना मूत्रपिंड मिळालंसुद्धा.