मावेजा, मर्सिडीज आणि मल्टिस्टेट

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या धनिकांनी एकगठ्ठा १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा साधारण ६५ कोटींचा. बिल्डर, उद्योजक, डॉक्टर, व्यापारी अशी मंडळी एकत्र आली, सगळ्यांची मिळून एकच मागणी कंपनीपुढे ठेवली आणि भाव पाडून घेतला. मराठवाड्यावरचा मागासपणाचा शिक्का पुसायचा आणि गुंतवणूकदारांचं लक्ष या शहराकडे वळवायचं, हा हेतू त्यांनी लपवला नाही. लक्ष वळलंही. देशभरच्या वर्तमानपत्रांत औरंगाबादचं नाव छापून आलं, आणि या वेळी ते दुष्काळाच्या किंवा दंगलीच्या बातमीत नव्हतं.

ही पद्धत अस्सल सहकाराची होती, हे तेव्हा फार कुणी बोललं नाही. दहा शेतकऱ्यांनी मिळून खताचा ट्रक मागवावा तशा दीडशे जणांनी मिळून गाड्या मागवल्या. सौद्यासाठी ४० कोटींहून जास्त कर्ज स्टेट बँकेने दिलं, तेही सात टक्के व्याजाने. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. याच जिल्ह्यात ट्रॅक्टरसाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला दुपटीच्या घरात व्याज पडत होतं. एक गाडी मिरवायची, दुसरी नांगरायची; स्वस्त पैसा मिरवणारीला.

यात चुकलं कोण? ग्राहकाने सवलत मागितली, त्यात गैर काही नाही. बँकेच्या अधिकाऱ्याने परतफेडीची खात्री पाहिली, ते त्याचं कामच. कंपनीने माल विकला. कुणी खोटं बोललं नाही, कुणी कुणाला लुबाडलं नाही, आणि तरीही हिशेब मांडला की तो अन्यायाचा निघतो. बाजारातल्या नीतीची खरी अडचण इथे आहे. आपण पाप शोधायला माणसाच्या मनात डोकावतो आणि तिथे फक्त संसारी शहाणपण सापडतं.

शहराच्या दक्षिणेला पैठण रस्त्यावर बिडकीन लागतं. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांवर ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी उभी राहते आहे. जमिनीचा मावेजा एकरी २३ लाख रुपये ठरला. तीन एकरवाल्याच्या खात्यात ६९ लाख. ज्या घरात कापसाच्या हंगामातही लाखाची रक्कम एकत्र दिसत नव्हती, तिथे हा आकडा पासबुकावर उमटला, आणि त्याच दिवशी पिढ्यान्‌पिढ्याची रोजची कामं संपली. हाती पैसा आला. रोज सकाळी उठून त्याचं काय करायचं, हे शिकवायला मात्र कुणी आलं नाही. गाडीवाले आले, प्लॉटवाले आले, आणि जास्त परतावा देतो म्हणणारेही आले.

बँकेत सहा टक्के धरले तर ६९ लाखांचे महिन्याला साडेचौतीस हजार होतात. त्यात घर चालतं, पण शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी असेल तर ते कमी वाटतात. कुणी दरमहा पाच टक्क्यांची भाषा केली की तेच पैसे तीन लाख पंचेचाळीस हजार देऊ लागतात. वर्षाला साठ टक्के देऊन वर स्वतः नफा कमवील असा धंदा जगात कुठला, हा प्रश्न कागद-पेन्सिल घेतली तर दोन मिनिटांत पडतो. पण कागद-पेन्सिल घेण्याची इच्छा कुणाला असते?

२०२२ च्या सुरुवातीला ‘तीस-तीस’ नावाने गाजलेलं प्रकरण बिडकीन पोलिसांपर्यंत पोचलं. भरघोस परताव्याच्या आमिषाने बिडकीन, पैठण, कन्नड भागातल्या अनेकांचे पैसे अडकल्याच्या तक्रारी होत्या, आणि त्यांत मावेजा मिळालेले शेतकरी बरेच होते. अशा साखळी योजनांमध्ये पहिल्यांना वेळेवर पैसे मिळतात, कारण ते दुसऱ्यांच्या मुद्दलातून दिले जातात. मग पहिलाच दुसऱ्याला घेऊन येतो. मेहुणा, साडू, गावचा गुरुजी. ओळख जितकी जवळची, तितकी विचारपूस कमी. मर्सिडीजच्या सौद्यात दोषी बोट दाखवून सांगता येत नव्हता. इथे एक क्षण असा येतो की आणणाऱ्याच्या मनात शंका डोकावते, पण कमिशन हातात असतं आणि तो गप्प राहतो. व्यक्तीची नीती म्हणतात ती या गप्प राहण्यात कसाला लागते.

स्वार्थाची वकिली करताना ॲडम स्मिथचा दाखला हमखास दिला जातो. खाटीक आणि पाववाला आपापला फायदा पाहतात म्हणूनच आपल्याला जेवण मिळतं, हे त्याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात मांडलं, आणि ते पटण्यासारखंच आहे. पण त्याच ग्रंथात व्याजाच्या दराला कायद्याने कमाल मर्यादा असावी असंही तो म्हणतो. दर फार चढू दिला तर पैसा उधळ्यांकडे आणि हवेत इमले बांधणाऱ्यांकडे जाईल. एवढं व्याज देण्याचं वचन तेच देऊ शकतात, सरळ धंदा करणारा नाही. बाजाराचा हा आद्य पुरस्कर्ता बिडकीनला आला असता तर बहुधा मावेजा गुंतवणाऱ्यापुढे हात जोडून उभा राहिला असता.

शहरातल्या मध्यमवर्गाने बिडकीनकडे पाहून हसण्याचं कारण नाही. २०२३ च्या जुलैमध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतल्या सुमारे २०० कोटींच्या कथित गैरव्यवहाराचा गुन्हा दाखल झाला आणि ठेवीदार रस्त्यावर उतरले. निवृत्तांची पुंजी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, सगळं त्यात होतं. पाठोपाठ बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांपुढे रांगा लागल्या. तिथे अडकलेली रक्कम हजारो कोटींची. बँकेतली ठेव पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. पतसंस्थेला किंवा मल्टिस्टेट सोसायटीला तो विमा नाही. ठेवीदार एक-दोन टक्के जास्त घेतो ते या जोखमीचेच, पण काउंटरवर त्याला दर सांगितला जातो, जोखीम नाही. आणि आपल्या ठेवीतून कर्ज कुणाला दिलं जातं, हे तोही विचारत नाही.

गल्लीतली भिशी या सगळ्यापेक्षा बरी चालते, ही एक अवघड कबुली आहे. सिडकोतल्या बायकांची भिशी कायद्याच्या चौकटीत बसेलच असं नाही. पण तिथे हप्ता बुडवणारीला दुसऱ्या दिवशी त्याच नळावर, त्याच भाजीवाल्यापाशी उभं राहायचं असतं. दहा-बारा चेहऱ्यांपलीकडे हा धाक पोचत नाही, एवढंच.

चेहरे दिसेनासे झाले की काम कोर्टाकडे जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं आणि औरंगाबादजवळच्या वाळूज परिसरात बिअर बनत होती. कारखान्यांकडे परवाने होते, सरकारला महसूल हवा होता, पिणाऱ्याला उन्हाळ्यात थंड बाटली हवी होती. शेवटी औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांचं पाणी आधी निम्म्याने आणि पुढे साठ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांनाही कपात सोसावी लागली. तोवर आपण होऊन हात आखडता घेणारं कुणी पुढे आलं नव्हतं, आणि ग्राहकाने बाटली परत केल्याचंही ऐकिवात नाही.

बिडकीनमध्ये आता पुन्हा उत्साह आहे. २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करने तिथे सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पाचा करार केला. नव्या पैशाबरोबर नवे परतावेवालेही येतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

पतसंस्थेच्या सभासदाला मात्र एक हत्यार केव्हापासून मिळालेलं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार लेखापरीक्षित ताळेबंद पाहण्याचा त्याला हक्क आहे. संस्थेला लेखापरीक्षणात अ, ब, क, ड यांपैकी कोणता वर्ग मिळाला, हे वार्षिक सभेत उभं राहून विचारता येतं. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. सभागृहात त्या दिवशी गर्दी असते, ती बहुतेक ओळखपत्र दाखवून भेटवस्तू घेण्याच्या रांगेत. अहवालाच्या प्रती टेबलावर गठ्ठ्याने पडून असतात.