मांडीतली ताकद खरं सांगते

शहापूर-मुरबाडकडच्या कष्टकरी पुरुषाची थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली, तर तो आजार त्याच्या कष्टांआडच लपतो. आवणीत घाम येणारच, भाताचे भारे वाहताना छाती धडधडणारच, वीटभट्टीवर राबणाऱ्याचं वजन उतरणारच, असं घरचे धरून चालतात आणि तोही. भूक उलट वाढलेली असते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. शिवाय हा आजार बायकांमध्ये कित्येक पट जास्त आढळतो, म्हणून पुरुषाच्या बाबतीत तो आठवतही नाही. वजन उतरलं की आधी टीबी आणि साखर तपासतात, ते योग्यच. पण दोन्ही नाहीत असं कळल्यावर शोध थांबू नये. कष्टाने वाढलेली नाडी बसल्यावर उतरते, थायरॉइडने वाढलेली पहाटे अंथरुणातही शंभरच्या आसपास राहू शकते. पुढे पसरलेल्या हातांची बोटं बारीक थरथरतात. कष्टाने मांड्या भरतात, या आजारात त्या झिजतात. उकिडवं बसलेल्या धडधाकट गड्याला हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही.

आशियाई तरुण पुरुषांमध्ये क्वचित याचं एक फसवं रूप दिसतं. दिवसभर राबून, पोटभर भात जेवून झोपलेला माणूस पहाटे उठू पाहतो तर पाय हलत नाहीत. ‘अंगावरून वारं गेलं’ असं सगळे म्हणतात. पण चेहरा सरळ असतो, बोलणं स्पष्ट असतं आणि लुळेपणा दोन्ही पायांत असतो. रक्तातलं पोटॅशियम पेशींत ओढलं गेल्याने स्नायू थंडावलेले असतात. अशा वेळी अशक्तपणा समजून ग्लुकोजची बाटली लावली, तर इन्सुलिन वाढून पोटॅशियम आणखी घसरतं. म्हणून घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक इस्पितळ गाठावं आणि तिथे ईसीजी, पोटॅशियम व थायरॉइड तपासले जावेत.

निदान झाल्यावर खरी अडचण सुरू होते. कार्बिमाझोल नवं संप्रेरक तयार होणं रोखतं, पण ग्रंथीत साठलेलं संप्रेरक पुढचे काही आठवडे रक्तात उतरतच राहतं. सोबतची प्रोप्रॅनोलॉलची गोळी, जी दमा असणाऱ्याला चालत नाही, धडधड आणि कंप काही दिवसांतच शमवते. म्हणजे माणसाला बरं वाटू लागतं, तेव्हा आजार जवळपास तेवढाच असतो. इथेच तो नांगरणीला, ओझ्याला, कबड्डीच्या मैदानाला परत जातो आणि पुढची तपासणी राहून जाते. माझं म्हणणं एवढंच आहे: जड कामावर परतायचं ते बरं वाटण्यावरून ठरवू नये. नाडीवरही विसंबू नये, कारण ती गोळीने दबलेली असते. चार ते सहा आठवड्यांनी रक्तातली टी-३ आणि एफटी-४ ही थायरॉइडची संप्रेरकं तपासावीत. ग्रंथीला चालना देणारं टीएसएच एकटं तपासून पुरत नाही, ते कित्येक महिने खालीच राहू शकतं. त्यासोबत मांड्या पाहाव्यात. त्यांची ताकद रक्त सुधारल्यावरही कित्येक महिन्यांनीच भरून येते, आणि धडधड शमवणारी गोळी ती उणीव झाकू शकत नाही.

‘हंगाम सोडून घरी बसलो तर खायचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. पण अंथरूण धरायला कुणी सांगत नाही. ओझं, चढण आणि भर उन्हातलं काम तेवढं काही आठवडे दुसऱ्याने उचलावं लागतं. हृदयाचे ठोके कायमचे अनियमित झाले आणि गुठळी मेंदूत गेली, तर एका हंगामाचं नव्हे, सगळ्या आयुष्याचं नुकसान होतं. पावसाळ्यातला एक धोका तर प्रत्येकाला सांगायलाच हवा. कार्बिमाझोल चालू असताना ताप आणि घसादुखी आली, तर तो साधा ताप धरू नये; गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्यात. त्या क्वचितच घसरतात, पण घसरल्या तर जीवावर बेतू शकतं.

दुसरा आक्षेप ग्रंथीचं काम कमी करणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराबद्दल असतो: त्याने पुरुषत्व जातं, अशी भीती. उलट इच्छा आणि शुक्राणू हा आजारच कमी करतो, आणि उपचाराने ते बहुधा सुधारतात. मात्रा घेतल्यावर काही दिवस लहान मुलांपासून व गरोदर बाईपासून अंतर ठेवावं आणि अपत्याचा विचार निदान चार महिने पुढे ढकलावा. या आजाराच्या नेहमी दिसणाऱ्या प्रकारात, म्हणजे ग्रेव्हज आजारात, गोळ्यांचा बारा ते अठरा महिन्यांचा क्रम संपल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांत आजार परततो, पुरुषांत जास्त. एवढे महिने मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून पुन्हा पुन्हा तपासणीला येणं ज्याला जमणार नाही, त्याने आयोडीनचा पर्याय आधीच विचारावा. त्यासाठी मुंबईत परळला १९६३ पासून रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, आणि शहापूरकराला आसनगावहून लोकल आहे. आयोडीन घेतल्यावर पुढे बहुतेकांना थायरॉक्सिनची रोजची गोळी आयुष्यभर लागते, पण मात्रा एकदा बसली की वर्षाकाठी एखादी तपासणी पुरते. डोळे पुढे आले असतील तर मात्र आयोडीनने ते बिघडू शकतात, म्हणून आधी डोळे दाखवावेत आणि बिडी-सिगारेट सोडावी.

शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय असो की मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, केसपेपरवर गोळ्यांच्या नावांखाली आणखी दोन ओळी असाव्यात: पुढच्या रक्ततपासणीची तारीख, आणि तोवर कोणतं काम करायचं नाही. श्रमावर जगणाऱ्या माणसासाठी या दोन ओळी औषधाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.