उतरत्या वयाचा पडदा

म्हातारपणाची धास्ती मराठी पडद्यावर ठळकपणे दिसते ती १९३७ सालच्या ‘कुंकू’मध्ये. त्याआधी १८९९ मध्ये देवलांच्या ‘शारदा’ नाटकात जख्ख भुजंगनाथ बोहल्यावर चढायला निघाला होता, पण त्याला प्रेक्षक हसले. ‘कुंकू’तल्या काकासाहेबांना हसवत नाही. केशवराव दात्यांनी उभा केलेला हा विधुर वकील तरुण नीरेशी लग्न करून बसतो, आणि दिग्दर्शक शांताराम त्याच्यासमोर घड्याळ आणि आरसा आणून ठेवतात. शेवटी नीरेला मोकळं करून तो जीव देतो. इथली भीती पुरुषाची आहे, घरादारावरचा आणि बायकोवरचा ताबा सुटण्याची.

पुढच्या पिढ्यांत भीतीने घर बदललं. मुलं सांभाळतील का, हा प्रश्न पुढे आला. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा आप्पा बेलवलकर झालेले डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. १९८४ च्या ‘सारांश’मधले शिवाजी पार्कचे प्रधान मास्तर रंगवणारे अनुपम खेर तर तिशीच्याही आतले. परदेशात मारल्या गेलेल्या एकुलत्या मुलाच्या अस्थी मिळवण्यासाठी सरकारी कचेरीत उभा राहिलेला तो बाप एकदा पाहिला की डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमच्या खानदेशातल्या पारोळ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कोरडवाहू कापसावर घर भागत नाही म्हणून मुलं सुरतेला, पुण्याला, नाशिकला गेली. मागे म्हातारा-म्हातारी आणि टीव्ही. संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूला ओट्यावर बसणाऱ्यांना ‘कसं काय’ विचारलं तर उत्तर येतं, “हातपाय चाली ऱ्हायनात, तेच बरं शे.” (हातपाय चालताहेत, तेच बरं आहे.) महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ टीव्हीवर लागून गेला की दुसऱ्या दिवशी ओट्यावर नाना पाटेकरांच्या अभिनयाचा विषय मागून निघतो. आधी बोलणं होतं ते वाटणीचं: आप्पांनी जिवंतपणी सगळं मुलांच्या नावे करायला नको होतं, सातबाऱ्यावर आपलं नाव शेवटपर्यंत पाहिजे. एवढ्या मोठ्या शोकांतिकेतून माणसं असा व्यवहार काढतात याचं मला वाईट वाटत नाही. त्यांची भीतीच तिथे आहे.

तरीही, मुलांना खलनायक केलं की म्हातारपणाचा प्रश्न फार लवकर सुटतो, असं मला वाटतं. ‘बागबान’ने तेच केलं. मुलं चांगली असली तरी काय, हे विचारलं सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ने. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृती हरवत चालले आहेत. गाडीत बसलेले असताना त्यांना हत्ती दिसतो आणि ते उतरून त्याच्यामागे चालू लागतात. मुलगी शहरभर शोधत राहते. इकडे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं भरवते, आणि ते तिला आई मानतात. मोहन आगाशे यांचा तो रिकामा, कुतूहलाने भरलेला चेहरा आणि अमृता सुभाषची कानडी माया! तिला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘अस्तु’ चित्रपटगृहांत यायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी १ जानेवारीला आलेल्या ‘नटसम्राट’ला तुडुंब गर्दी झाली. ‘अस्तु’ मात्र खानदेशातल्या फार थोड्यांनी पाहिला. तो घराघरांत पोचायला हवा होता. आमच्याकडे अजूनही ‘म्हाताऱ्याला चळ लागला’ म्हणून दार लावून घेतात.

आणि बायका? त्यांचं वय सिनेमाने फार लवकर उतरवलं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार १९४२ च्या चित्रीकरणातल्या थपडेने जायबंदी झाल्या आणि पुढे सासूच्या भूमिकांत गेल्या. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये सुलोचनादीदी देव आनंदच्या आई झाल्या, त्याच्याहून जवळजवळ पाच वर्षांनी लहान असून. ‘सारांश’मधल्या म्हाताऱ्या पार्वतीबाई रोहिणी हट्टंगडींनी नुकती तिशी ओलांडली असताना केल्या. त्याच रोहिणीताई २०२३ मध्ये केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’त वयाच्या बहात्तराव्या वर्षी बहिणींबरोबर मंगळागौर खेळल्या. पाळी जाण्याची, अंग सुटण्याची, नवऱ्याच्या नजरेतून उतरण्याची धास्ती त्या सिनेमात मोकळेपणाने आली. गावोगावच्या बायका घोळक्याने तिकिटं काढून गेल्या.

पण नवरा गेल्यावर ज्या आईची लेकांकडे पाळी लावलेली असते, दोन महिने या घरी नि दोन महिने त्या घरी, ती कथेची नायिका झालेली मला अजून आढळलेली नाही. पारोळ्याच्या एसटी स्टँडवर पिशवी घेऊन बसलेली ती रोज दिसते.