लंडनांतील सात दिवस आणि पुण्याचा कुंभार

परदेशप्रवास ही आतां आमच्या भिवंडीसारख्या गांवांतहि नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मागांच्या खडखडाटांत वाढलेलीं मुलें विमानांत बसतात, आठ दिवस हिंडतात आणि राजवाडा, पूल व मोठें घड्याळ यांचीं छायाचित्रें घेऊन परत येतात. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या मात्र गेल्या उन्हाळ्यांत लंडनला गेली ती निराळीच यादी घेऊन. ती मुंबईस वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षांत आहे. शरीर चिरून बरें करण्याची विद्या त्या शहरानें कशी कमावली हें पाहण्यांत तिनें सगळा आठवडा घातला. जाण्यापूर्वीं सुश्रुतसंहितेंतील नाक सांधण्याचा भाग समजून घेण्यास ती आमच्याकडे आली होती. परतल्यावर आपली टिपणवही तिनें आमच्यापुढें ठेवली. त्या वहीच्या आधारें हें लिहीत आहों.

थेम्स नदीच्या दक्षिणतीरावर सेंट थॉमस नांवाचें एक जुनें चर्च आहे. त्याच्या माळ्यावर १८२२ सालीं बांधलेली शस्त्रक्रियेची खोली आहे. अरुंद चक्री जिन्यानें वर जावें लागतें. मध्यें लांकडी टेबल, त्याखालीं रक्त शोषून घेण्यासाठीं भुशाची पेटी, आणि भोंवतीं विद्यार्थ्यांना उभें राहण्यासाठीं पायऱ्या. रुग्ण सगळ्या स्त्रिया. १८४६ पर्यंत गुंगीचें औषध नव्हतें. तेव्हां शस्त्रवैद्याची थोरवी तो किती झटपट हात चालवितो यावर ठरे. १८६२ सालीं रुग्णालय तेथून हललें, खोली बंद झाली, आणि १९५६ पर्यंत ती लोकांच्या विस्मरणांत पडून राहिली.

सोहो भागांतील बिनदांड्याचा पंपहि तिनें पाहिला. १८५४ च्या पटकीच्या सांथींत जॉन स्नो या वैद्यानें कोणत्या घरीं किती मेले तें मांडून दोष त्या पंपाच्या पाण्याचा असल्याचें दाखविलें व पंपाचा दांडा काढविला. ज्या घरांत पिण्याचें पाणी उकळण्याचा कंटाळा केला जातो, त्यांनीं स्नोचा नकाशा स्वयंपाकघरांत लावावा अशी आमची सूचना आहे.

परंतु वहीचीं सर्वांत अधिक पानें एका चित्रानें व्यापलीं आहेत. यूस्टन रस्त्यावरील वेलकम ग्रंथसंग्रहांत तें आहे. चित्रांतील माणूस आपल्याकडचा, कावसजी नांवाचा. टिपूशीं १७९२ सालीं संपलेल्या युद्धांत तो इंग्रजी फौजेचे बैल हांकीत असे. टिपूच्या लोकांनीं त्याला पकडून त्याचें नाक व एक हात कापला. पुढें पुण्याजवळ त्याला नवें नाक बसविण्यांत आलें. मुंबईचे दोन इंग्रज वैद्य तें पाहण्यास हजर होते, आणि १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकांत त्याची हकीकत छापली गेली.

कृति अशी. मेणाचा पातळ पापुद्रा कापल्या नाकाच्या जागीं बसवून आकार घ्यावयाचा. तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व भोंवतीं रेघ आंखावयाची. रेघेवरून कातडी सोडवावयाची, पण दोन डोळ्यांच्या मध्यें एक पट्टी जोडलेली राखावयाची, म्हणजे रक्ताचा पुरवठा तुटत नाहीं. मग ती कातडी वळवून खालीं आणून नाकाच्या जागीं बसवावयाची. वर पाण्यांत मऊ केलेला कात (आपण विड्यास लावतों तोच!) फडक्याच्या पट्ट्यांवर माखून त्या पांचसहा एकावर एक ठेवावयाच्या. चार दिवस दुसरें औषध नाहीं; नंतर तुपांत भिजविलेलीं फडकीं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापली कीं नाक स्वतंत्र झालें.

ती हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू नांवाच्या लंडनच्या शस्त्रवैद्यानें प्रेतांवर सराव केला आणि १८१४ च्या ऑक्टोबरांत चेल्सी येथील लष्करी रुग्णालयांत एका अधिकाऱ्याला तसेंच नाक करून दिलें. १८१६ सालीं त्यानें त्यावर पुस्तक लिहिलें. युरोपांत या पद्धतीला पुढें भारतीय पद्धति असेंच नांव पडलें.

येथपर्यंत वाचून आमची छाती फुगली. पण मुलीनें विचारलें, “गुरुजी, तो शस्त्रवैद्य कोण होता?” मासिकांत कावसजीचें नांव आहे, इंग्रज वैद्यांचीं आहेत, ज्याच्या हातांनीं नाक झालें त्याची फक्त जाति दिली आहे. तो विटा करणारा होता, म्हणजे आपल्या भाषेंत कुंभार.

सुश्रुत सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत नाकाएवढें झाडाचें पान घेऊन त्या मापानें गालाची कातडी घ्यावयास सांगतो. कुंभारानें पानाऐवजीं मेण घेतलें, गालाऐवजीं कपाळ. पोथी उघडून तो शिकलेला दिसत नाहीं. विद्या घराण्यांत हातोहात आलेली असावी. पोथी होती आमच्याकडे. तींत शिष्यानें कोहळ्यावर व काकडीवर चिरण्याचा सराव करावा, प्रेत मुंज गवतांत गुंडाळून वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावें व मग एकेक थर घासून शरीर पाहावें, असें स्पष्ट सांगितलें आहे. आणि मनुस्मृतींत वैद्याला श्राद्धाच्या पंक्तीला बसवूं नये असेंहि सांगितलें आहे. आम्हीं दुसरें पाळलें. पहिलें नुसतें पाठ केलें.

शेवटच्या दिवशीं मुलगी हंटर स्ट्रीटवर गेली. स्त्रियांसाठीं १८७४ मध्यें निघालेलें लंडनचें वैद्यकविद्यालय पुढें त्या भागांत होतें. तेथें १८८९ सालीं आपल्या मुंबईची रखमाबाई शिकावयास गेली. ती सुतार समाजांतील. बालपणीं झालेलें लग्न तिनें मान्य केलें नाहीं. १८८७ सालीं न्यायालयानें नवऱ्याकडे जाण्याचा हुकूम दिला तेव्हां त्यापेक्षां तुरुंग पत्करीन असें तिनें सांगितलें. ‘केसरी’सारख्या पत्रानेंहि तिच्याविरुद्ध लेखणी चालविली. १८९४ सालीं ब्रुसेल्सची एम. डी. पदवी घेऊन ती परतली व सुरत आणि राजकोट येथें तिनें अनेक वर्षें स्त्रियांचीं रुग्णालयें सांभाळलीं. तिच्याआधीं आमच्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत एम. डी. झाल्या होत्या, पण परतल्यावर काम करण्याइतकें आयुष्य त्यांना लाभलें नाहीं.

या मुलीला शस्त्रवैद्य व्हावयाचें आहे, आणि तेंहि भाजलेल्या व चिरडलेल्या चेहऱ्यांची दुरुस्ती करणारी. गिरण्या आणि माग ज्या गांवांत आहेत तेथें असे चेहरे कमी नसतात. घरांतील वडील मंडळींना हें रुचत नाहीं. रात्रंदिवस रक्तांत उभें राहण्याचें काम मुलीला जड, त्यापेक्षां डोळ्यांचें किंवा त्वचेचें शास्त्र घ्यावें, असें तिच्या आजोबांचें म्हणणें आहे. तिची समजूत आम्हीं घालावी असा त्यांचा निरोप आला होता. आम्हीं ती टिपणवहीच त्यांच्याकडे वाचावयास धाडली आहे.