अक्षरांचे स्वभाव – ७ : कॉमिक सॅन्स

गेल्या आठवड्यात टाइम्स न्यू रोमनची जडणघडण पाहिली. लंडनच्या ‘टाइम्स’ दैनिकासाठी १९३२ मध्ये वापरात आलेला हा करारी फॉन्ट. १९९४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने तो चक्क एका कुत्र्याच्या तोंडी घातला होता. संगणकाला बिचकणाऱ्या घरच्या मंडळींसाठी ‘मायक्रोसॉफ्ट बॉब’ नावाचं सॉफ्टवेअर तयार होत होतं. त्यात रोव्हर नावाचा कुत्रा पडद्यावर येऊन फुग्यांतून बोले, आणि फुग्यांतली अक्षरं मात्र टाइम्स न्यू रोमनची! तिथल्या व्हिन्सेंट कॉनेअर या फॉन्टकाराला ते खटकलं. ‘वॉचमेन’, ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ अशी कॉमिक्स त्याच्या हाताशी होती. त्यांतल्या हाताने लिहिलेल्या संवादांचं वळण समोर ठेवून त्याने संगणकावरच नवी अक्षरं काढली. बॉबसाठी ती वेळेत झाली नाहीत, पण विंडोज ९५ च्या जोडीने घरोघर पोचली.

यातला लहान ‘ए’ नीट पाहा. पुस्तकी ‘ए’च्या डोक्यावर असते तशी कमान त्याला नाही, शाळेत गिरवतो तसा एक गोल आणि शेजारी दांडी. रेघांची टोकं स्केचपेनने काढल्यासारखी गोलसर. दांड्या किंचित कललेल्या. ‘बी’ आणि ‘डी’ ही एकमेकांची हुबेहूब आरशातली प्रतिबिंबं नाहीत. वाचताना अडखळणाऱ्या मुलांना हा सैल, मोकळा घाट सोपा जातो असं अनेक शिक्षक सांगतात. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशननेही सुचवलेल्या फॉन्टांत एरियलबरोबर कॉमिक सॅन्सचं नाव घेतलं आहे. माझ्या लेखी या फॉन्टची ही सर्वांत मोलाची कामगिरी आहे.

दोषही आहेत. अक्षरांची जाडी आणि मधलं अंतर एकसारखं वाटत नाही, त्यामुळे पानभर मजकूर ठिगळं लावल्यासारखा दिसतो. फुग्यातल्या दोन ओळींसाठी केलेला फॉन्ट लोकांनी इशाऱ्याच्या पाट्यांवर आणि कार्यालयीन पत्रांवरही चढवला, तेव्हा अमेरिकेतल्या एका डिझायनर दांपत्याने १९९९ मध्ये त्याच्यावर बंदीची मोहीमच उघडली. ४ जुलै २०१२ ला सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ फॅबिओला जियानोत्ती यांनी हिग्ज बोसॉन या कणाविषयीचे निष्कर्ष मांडले ते याच फॉन्टमध्ये, आणि इतक्या मोठ्या शोधाच्या दिवशी कितीतरी जण अक्षरांवरच बोलत बसले. ही टीका मला पटत नाही. आकडे स्पष्ट वाचता येत होते, आणि समोर भौतिकशास्त्रज्ञ बसले होते.

वाढदिवसाचं आमंत्रण, बालवाडीची सूचना, मुलांच्या खेळाचे नियम, इथे तो बिनधास्त वापरावा. मृत्यूची वार्ता किंवा औषधाचं प्रमाण लिहिताना नको. तिथे वाचणाऱ्याला गांभीर्य पहिल्या नजरेत कळायला हवं.

मराठी मजकुरासाठी मात्र तो निवडून उपयोग नाही. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, संगणक परस्पर दुसरा फॉन्ट लावतो. हस्ताक्षरी वळण हवं असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ मोफत मिळतो. देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरं एकाच वळणाची असल्याने मध्येच इंग्रजी शब्द आला तरी ओळ विस्कटत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्याविषयी.